पालिकेच्या शाळेतला आमच्या लेकीचा वर्ग

अबोली_सायन

लेक यंदा चौथीत गेली. पहिली ते तिसरी तिला एकच वर्गशिक्षिका होत्या, त्यांची आता दुसऱ्या शाळेत बदली झाली. निरोपाच्या दिवशी पालक घाईत, मुलं बाईंच्या पदराला धरून, त्यामुळे धड काही बोलता आलं नाही. त्या वर्गाबद्दल मनात बरंच साठलंय, म्हणून इथे लिहिते. बाईंचं आणि शाळेचं नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजी. अँटॉप हिल आणि वडाळ्याच्या मधल्या भागात. ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांना वर्गात कोण कोण बसत असेल याचा अंदाज येईल. सायन कोळीवाड्यातली मूळची कोळी घरं, फाळणीनंतर जीटीबी नगरला वसलेली पंजाबी कुटुंबं, जुनी तमिळ वस्ती, सीजीएस कॉलनीत देशभरातून बदलीवर आलेले केंद्र सरकारचे कर्मचारी, प्रतीक्षा नगरची म्हाडाची घरं, आणि जिथे जिथे टॉवर उभे राहतायत तिथे मराठवाड्यातून आलेले बांधकाम मजूर. शाळेची इमारत एक, पण तीत शाळा चार. खाली मराठी, वरच्या मजल्यांवर हिंदी, उर्दू आणि तमिळ. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे. फाटक आणि मैदान मात्र सगळ्यांचं एकच.

लेकीच्या वर्गात तिसेक मुलं. माध्यम मराठी असलं तरी घरी मराठी बोलणारी निम्मीच, आणि त्यांचीही मराठी एक नाही. कोळ्यांची मुलगी वेगळं बोलते, मालवणी घरातला मुलगा वेगळं. जालन्याकडच्या तांड्यावरून आलेली दोन भावंडं घरी गोरमाटी बोलतात. शिवाय एका सोसायटीच्या नेपाळी वॉचमनचा मुलगा, बलियाच्या टॅक्सीवाल्याचा मुलगा, दखनी बोलणाऱ्या दोघी, आणि एक तमिळ मुलगी. तिच्या आईने वरच्या मजल्यावरचं तमिळ माध्यम सोडून तिला मुद्दाम मराठीत घातलं. कोणाचे वडील बेस्टमध्ये, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. आम्ही दोघं ऑफिसात नोकरी करणारे. शाळा घराजवळ हवी आणि शिक्षण मराठीतून हवं, एवढं आमचं पक्कं होतं. बाकीचं जे मिळालं ते पदरात आपसूक पडलं.

बाईंनी बाक कधी रांगेत लावले नाहीत. चार-पाच मुलांचे गट, आणि दर पंधरवड्याला ते बदलायचे. कोण कोणाजवळ बसणार ते बाई ठरवायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या. एका गल्लीतली, एका भाषेची मुलं सुरुवातीला एकत्र बसली की चौथीपर्यंत तिथून हलत नाहीत, असं त्यांनी पहिल्याच पालकसभेत सांगितलं होतं. परिपाठाला रोज एक मूल पुढे येऊन घरची एखादी गोष्ट सांगायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. पहिलीच्या दिवाळीपर्यंत ती तमिळ मुलगी तमिळमध्येच सांगायची. वर्ग ऐकायचा. कळलं नाही तर प्रश्न विचारायचा, ती हातवारे करायची. दिवाळीनंतर तिचं मराठी सुरू झालं ते थांबेचना.

एक प्रसंग लिहितेच. दुसरीत हातच्याची वजाबाकी चालू होती. शंभरातून सदतीस वजा करताना दोन दोन शून्यं आली की लेकीची गाडी अडायची, बऱ्याच मुलांची अडत होती. वर्गात एक मुलगा आहे, त्याची आई स्टेशनबाहेर भाजी विकते आणि संध्याकाळी तो तिच्याजवळ बसतो. त्याने वहीत काहीही न मांडता उत्तर सांगितलं. बाईंनी त्याला पुढे बोलावून खेळातल्या नोटा-नाणी हातात दिली, "कसं काढलंस ते सगळ्यांना करून दाखव" म्हणाल्या. त्याने बाईंनाच गिऱ्हाईक केलं. "सदतीस झाले" म्हणत एकेक रुपया ठेवत गेला, "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस". मग दहाची नोट, "पन्नास". मग पन्नासची नोट, "हे शंभर". बाईंच्या हातात त्रेसष्ट रुपये. बाईंनी तेच फळ्यावर घेतलं. एक आडवी रेघ, सदतीसपासून शंभरपर्यंत तीन उड्या. पुढचा आठवडाभर गटागटांत जाऊन तो शिकवत होता आणि बाई मागे उभ्या होत्या. त्या मुलाचं वाचन तोवर कच्चं होतं, लेखन त्याहून कच्चं. त्या आठवड्यानंतर तो वाचनाच्या तासालाही हात वर करू लागला, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. लेक अजूनही उत्तर त्याच पद्धतीने पडताळते.

मला याचं महत्त्व वाटतं ते यासाठी, की त्या मुलाचं कौतुक कोणी दयेपोटी केलं नाही. त्याला खरोखरच येत होतं आणि इतरांना येत नव्हतं. बाजारात शिकलेलं गणित हे गणितच आहे, हे बाईंनी भर वर्गात मान्य केलं.

सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र आली की संस्कार आपोआप होतात, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मुलं एकत्र बसूनही कंपू करतात, एकमेकांना नावं ठेवतात. पहिलीच्या सुरुवातीला आमच्या वर्गातही ते झालं. त्यासाठी कोणाला तरी रोज खपावं लागतं. आमच्याकडे बाई खपल्या, तेही गाजावाजा न करता. तुमच्या मुलांच्या शाळांचे अनुभवही जरूर लिहा.

लालबागची_पोर

किती छान लिहिलंय! भाजीवाल्या मुलाचा प्रसंग नवऱ्याला वाचून दाखवला. मीही पालिकेच्याच शाळेत शिकले. तेव्हा वर्गात सगळी गिरणीकामगारांची मुलं, कोकणातली नाहीतर घाटावरची. एवढ्या भाषा एका वर्गात कधी पाहिल्या नाहीत. एक विचारते, इंग्रजीचं कसं?

अबोली_सायन

@लालबागची_पोर, गणित इंग्रजीतून आहे आणि इंग्रजी विषय पहिलीपासून आहे. लेक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक हळू वाचते पण समजून वाचते. फाडफाड बोलत नाही. मराठी मात्र पक्की झाली आहे, आणि तिच्या आधाराने इंग्रजी येईल असा आम्हाला विश्वास आहे. घरी रोज थोडं वाचन घेतो, ते कुठल्याही शाळेत असती तरी घेतलंच असतं.

निवृत्त_गुरुजी

अबोलीताई, पालिकेच्या शाळांत आयुष्य गेलं, आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक. तुमच्या बाईंनी जे केलं ते किती कष्टाचं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शिकवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. ही माध्यमं कोणी नकाशा पुढे ठेवून आखली नाहीत, जिथे जो कामगार आला तिथे त्याच्या पोरांसाठी शाळा निघाली. गिरण्या, गोदी, रेल्वे, धारावीतले सौराष्ट्राचे कुंभार, तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामाला आलेली माणसं. माझ्या उमेदीच्या काळात इमारत मिश्र असे, वर्ग मात्र एका भाषेचा. तमिळ मूल तमिळ वर्गात, गुजराती मूल गुजराती वर्गात. आता पालक इंग्रजी आणि सेमी इंग्रजीकडे वळले, तशी ही सगळी मुलं एका वर्गात येऊन बसली. शिक्षकाचं काम त्यामुळे पूर्ण बदललं. आमच्या डी.एड.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.

नव्या भाषेत आलेलं मूल कित्येक महिने गप्प राहतं. नवा शिक्षक घाबरतो आणि त्याच्यावर "मागे आहे" असा शिक्का मारतो. खरं तर ते ऐकत असतं. मी माझ्या शिक्षकांना सांगायचो, पहिलं सत्र त्याला बोलायची सक्ती करू नका. चित्र दाखवा, वस्तू आणायला सांगा, कृती करायला सांगा. ऐकलेलं कळतंय की नाही ते कृतीतून दिसतं. त्याच्या भाषेचं, पण मराठी येणारं एक मूल शेजारी असू द्या, मात्र कायम नको, नाहीतर ते दुभाषाच होऊन बसतं. तुमच्या बाईंचे पंधरवड्याचे गट याचसाठी असणार. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. एका वर्गात सात घरच्या भाषा असतील तर काय, हे शेवटी वर्गातल्या बाईंनाच सोडवावं लागतं. त्यांनी परिपाठाला सगळ्या भाषांना जागा दिली, हे उत्तर मला फार आवडलं.

आणखी एक, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. पालिका मुलांना गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून २७ वस्तू मोफत देते. वस्तू कधी उशिरा येतात, त्यावर ओरड होते, ती रास्तच आहे. पण सगळ्यांची दप्तरं सारखी असल्याने कोणाचं कितीचं हा विषयच वर्गात निघत नाही.

रानजाई

गुरुजी, शेवटचा मुद्दा मनाला लागला. आमचा मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खाजगी शाळेत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. कागदावर तो वर्गही मिश्र आहे. पण सहलीचे पैसे गोळा करताना "आरटीईवाल्यांनी हात वर करा" असं भर वर्गात म्हटलं गेलं. त्या दिवशी घरी येऊन त्याने विचारलं, "आई, आरटीई म्हणजे काय असतं?" तेव्हा तो दुसरीत होता. मी त्याला काय सांगणार?

मुलं मुळात चांगली आहेत. फुटबॉलच्या सरांनी त्याला संघात घेतलं आणि तिथे त्याला जिवाचे मित्र मिळाले. पण ते मैदानावर. वर्गात कोणी अबोलीताईंच्या बाईंसारखं लक्ष घातलं असतं तर त्याची दोन वर्षं सुखाची गेली असती.

तरीही ही तरतूद हवीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले. अजून धाकटी प्रवेशाची आहे.

अबोली_सायन

@रानजाई, वाचून फार वाईट वाटलं. सहलीची यादी ऑफिसात करता आली असती, वर्गात विचारायची काहीच गरज नव्हती. फी कोण भरतं हे मुलांसमोर येताच कामा नये. लेखी तक्रार द्या, आणि एकट्या जाऊ नका, चार पालक मिळून जा.

वडाळेकर

कौतुक वाचलं, चांगलं आहे. पण दुसरी बाजूही यावी. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट वर्षानुवर्षं घसरतोय, दोन शाळांची एक करावी लागते. निवडणूक आली की शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला. स्वच्छतागृहांबद्दल तर बोलायलाच नको. एक चांगल्या बाई भेटल्या म्हणून व्यवस्था चांगली होत नाही.

अबोली_सायन

@वडाळेकर, तुमचे मुद्दे खरे आहेत, एकही खोडून काढत नाही. निवडणुकीच्या कामात आमच्या बाईही जात होत्या. तेव्हा दोन वर्ग एकत्र बसायचे आणि मुलांचं नुकसान व्हायचं. शिक्षण हक्क कायद्यातच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला मुभा आहे, त्यामुळे शाळेचेही हात बांधलेले.

पण पालकांच्या हातात काहीच नाही असंही नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. मी गेल्या वर्षी समितीवर आले. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. कडीसाठी पत्रं लिहिली, वॉर्ड ऑफिसला जाऊन बसलो. आमच्यात सगळ्यात चिकाटीने मागे लागली ती घरकाम करणारी एक आई. तिला लिहिता येत नाही, पण तारखा आणि कोण काय म्हणालं ते तिला तोंडपाठ. कडी लागली. पाण्याच्या टाकीचं काम अजून चालू आहे. आणि एक बाई म्हणजे व्यवस्था नव्हे हे मान्य, म्हणूनच त्यांनी काय केलं ते तपशिलात लिहिलं. ते दुसऱ्या बाईंनाही करता येईल.

विणकर

आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. तीन पिढ्या वरळीत. वडील, मी आणि आता मुलगी, तिघंही मराठी शाळेत. बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीला जी प्रतिज्ञा असते, "भारत माझा देश आहे", ती मुळात तेलुगूत लिहिलेली. नलगोंडा जिल्ह्यातल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली. मुलीच्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी मुलीला परिपाठाला उभं करून मूळ तेलुगू प्रतिज्ञा म्हणायला लावली. माझ्या आईने ती तिच्याकडून पाठ करून घेतली होती. रोज मराठीत म्हणणारी पोरं त्या दिवशी टक लावून ऐकत होती. अबोलीताई, तुमच्या नव्या बाईंना हे जरूर सुचवा.

मुग्धा_ठाणे

सुंदर धागा. डब्याचं काय करतात? आमच्याकडे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात मोठी भांडणं डब्यावरूनच होतात.

अबोली_सायन

@विणकर, नक्की सांगते, किती छान!

@मुग्धा, आमच्याकडेही झालं. दुपारी बचत गटाची खिचडी येते, पण बरीच मुलं घरून डबाही आणतात. कोळ्यांच्या मुलीने एकदा जवळा आणला. शेजारच्या मुलीने नाक दाबलं, आणि दोन दिवसांनी तिच्या वडिलांनी पालकसभेत मासळी बंद करा अशी मागणी केली. कोळ्यांच्या मुलीची आई तिथेच बसलेली, खाली मान घालून. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी शाकाहारी आहे. तिला कोणी दुसरं भरवणार नाही, ही माझी जबाबदारी. पण दुसऱ्याच्या डब्याचं झाकण मी बंद करणार नाही." सभा तिथेच संपली. नियम एकच ठरला, नको असेल तर "नको" म्हणायचं, नावं ठेवायची नाहीत. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचं, आणि त्यावरूनही कोणी बोलायचं नाही.

पुढे परिसर अभ्यासाच्या तासाला त्याच मुलीने पावसाळ्यात होड्या का शाकारतात ते सांगितलं. तिच्या मामाची वेसाव्याला होडी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, कारण तो मासळीच्या विणीचा काळ, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. नाक दाबणारी मुलगी त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होती. तिचे वडील अजूनही नाराज आहेत, हेही लिहायला हवं.

मृदगंध

एवढ्या भाषा आपसूक येत असतील तर पहिलीपासून हिंदी सक्तीवरून एवढा गदारोळ कशाला?

निवृत्त_गुरुजी

@मृदगंध, मधल्या सुट्टीत कानावर पडलेली भाषा वेगळी आणि पाठ्यपुस्तक, तासिका, परीक्षा घेऊन येणारी भाषा वेगळी. मुंबईच्या पोरांना हिंदी मैदानावर येतेच. पहिलीच्या वेळापत्रकात तिसरी भाषा घुसवली तर तास कुठून कापणार? बहुधा वाचन-लेखनातूनच. जून २०२५ मध्ये सरकारने पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घेतले ते बरंच झालं. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कुर्ल्याचा_अब्बा

आदाब सर्वांना. मी मराठी माध्यमातून शिकलो, माझी मुलगी उर्दू माध्यमात आहे. घरातल्या आजीची इच्छा होती, आणि शिक्षिका उत्तम आहेत. इमारत अशीच, खाली मराठी, वर उर्दू. अबोलीताईंचं वाचून आनंद झाला, पण एक सल सांगतो. जिन्यावर दोन्हीकडची मुलं रोज एकमेकांना ओलांडतात आणि एकमेकांची नावंही त्यांना माहीत नसतात. शाळा भरण्याच्या वेळा वेगळ्या, मधली सुट्टी वेगळी. तुमच्या वर्गात जे झालं ते दोन मजल्यांमध्ये होऊ शकतं का?

अबोली_सायन

@कुर्ल्याचा_अब्बा, अगदी मोलाचा प्रश्न. आमच्याकडेही ही उणीव आहे. चार मुख्याध्यापक, चार वेळापत्रकं. यंदा समितीत आम्ही एवढंच ठरवून घेतलं की क्रीडा दिन चारही माध्यमांचा एकत्र, आणि कबड्डी-लंगडीचे संघ माध्यमावरून नाही, इयत्तेवरून पाडायचे. उर्दूच्या मुख्याध्यापिकांनी लगेच हो म्हटलं, तमिळच्या सरांनीही. हिंदीकडून अजून उत्तर यायचं आहे. तुमच्या इमारतीतल्या दोन्ही समित्यांची एक एकत्र बैठक मागा. पालकांनी मागितली की शाळा सहसा नाही म्हणत नाहीत.

कुर्ल्याचा_अब्बा

शुक्रिया. लंगडीची कल्पना घेतो. मुलगी लंगडीत पक्की आहे.

सायली_कोकरी

अबोलीताई, मी कोकरी आगारजवळ राहते. भाऊ-वहिनी गावाहून आलेत, पुतण्या सात वर्षांचा. शाळा सुरू होऊन महिना झाला, जन्मदाखला गावीच राहिलाय. प्रवेश मिळेल का? दोन ठिकाणी "पुढच्या वर्षी या" म्हणाले.

अबोली_सायन

@सायली, मिळायलाच हवा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं. प्रवेशाची मुदत संपली तरी नाकारता येत नाही, ते कलम १५. सात वर्षांचा आहे तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात, म्हणजे दुसरीत बसवतील, आणि मागचं भरून काढायला त्याला जादा शिकवणं हाही त्याचा हक्क आहे. गावच्या शाळेत जात असेल तर तिथला दाखला नंतर मागवता येतो, त्यासाठी प्रवेश अडकत नाही. आधार कार्ड असेल तर घेऊन जा, नसेल तरी जा. जन्मदाखला गावच्या ग्रामपंचायतीतून सवडीने काढून घ्या.

तोंडी "पुढच्या वर्षी" म्हणाले तर लेखी द्या म्हणा. शाळेचं नाव तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. सकाळी परिपाठ झाल्यावर मुख्याध्यापिका ऑफिसात असतात. पुतण्यालाही बरोबर न्या.

निवृत्त_गुरुजी

सायलीताई, तरीही अडलं तर वॉर्डातल्या शिक्षण विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना भेटा. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर पोच घ्या.

सायली_कोकरी

खूप आभार दोघांचे. वहिनीला सोमवारी घेऊन जाते.